टिकटिक करणारा ट्रक घ्यावा का?

मे महिन्यात भाच्यानं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. सांगली फाट्याजवळच्या एका प्लॉटवर उभी असलेली २०१० सालची टाटा २५१५, दहा टायरी, कमिन्स इंजिन. खाली लिहिलेलं, "मामा, इंजिन टिकटिक करतंय, बाकी गाडी एक नंबर हाय. घेऊ काय?"

मी फोन लावला. "धार काढून बघितल्याशिवाय म्हैस घेतोस काय रे?"

जुना ट्रक घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो की फोनवर इंजिन ऐकून काही ठरवू नका. एवढ्याशा स्पीकरमधून टिकटिक झकास ऐकू येते, पण खालच्या पट्टीतला जड ठोका त्यातून येतच नाही. आणि माणसाला कर्जात घालतो तो नेमका हा जड ठोका.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ३४ वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय. त्याआधी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं गुऱ्हाळांवर हिंडायचो. चरकाला जुंपलेली एक सिलिंडरची सावकाश चालणारी ऑइल इंजिनं. आबा बांधावरूनच सांगायचे, "झडप वाजत्या" किंवा "पिन गेली." लहानपणी पंचगंगेत डुंबून माझा डावा कान फुटला आणि पुढं कधी धड झालाच नाही, म्हणून मी आवाज हाडानं ऐकायला शिकलो. लांब दांड्याचा डिसमिस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. स्टेथोस्कोप मिळतो, तोही चांगला, पण डिसमिस प्रत्येक गाडीत असतोच. फक्त फॅन आणि बेल्टपासून बाही, गमछा, केस लांब ठेवा. चालू इंजिनावर वाकलेल्या माणसाला दुसऱ्यानं हाक मारायची नाही, हा आमच्या शेडमधला नियम आहे.

गाडी गार असताना गाठा

भाच्याला म्हटलं, सकाळी सातला जाऊ आणि मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. पोचल्यावर मी नमस्कार-चमत्काराआधी ब्लॉकला हात लावतो. कोमट लागला तर चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.

याला कारण आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, गॅस्केट थोडी फुटलेली असेल तर गार इंजिनाला टिकटिक येते आणि लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज गायब. पिस्टन लायनरमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली होतो तिच्यात, ढिला असेल तर तोही गारठ्यात खडखडतो आणि तापल्यावर नरम पडतो. बेअरिंगचं उलट आहे. गार ऑइल घट्ट असतं, ते झिजलेल्या बेअरिंगमधली फट भरून ठेवतं. ऑइल तापून पातळ झालं की ठोका उघडा पडतो. म्हणून इंजिन दोन्ही वेळा ऐकावं लागतं. सेल्फ मारल्यापासूनची पहिली दोन मिनिटं, आणि पाऊण तास गाडी पळवून आल्यानंतरची पाच मिनिटं. मधल्या वेळेतल्या आवाजावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

सेल्फ मारण्याआधी ऑइलची पट्टी बाहेर काढा. इथं मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. २००६ साली मेहुण्यानं एक टाटा १६१३ ट्रक बघितली आणि माझ्या शब्दावर घेतली. दुपारची वेळ, इंजिन आधीच तापवलेलं, आवाज मऊ, लोण्यासारखा. मी पट्टी काढून लेव्हल तेवढी बघितली. तिसऱ्याच खेपेला कोकणातून चिरा भरून करूळ घाट चढताना ठण ठण सुरू झालं आणि गगनबावडा दिसायच्या आत गाडी बसली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवला तर आतलं ऑइल काकवीसारखं. गिअर बॉक्सचं जाड ऑइल इंजिनात मिसळून ठोका दाबला होता. क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला, चर पडलेली. मेहुणा आजही काही बोलत नाही, पण दिवाळीला जेवायला बसलो की त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, तो घाट हमखास आठवतो.

तेव्हा पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत घेऊन बघा. ट्रकच्या डिझेल इंजिनात साधारण १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल घालतात. सकाळच्या गारव्यातसुद्धा ते पट्टीवरून थेंब थेंब ओघळतं. तार धरत असेल तर काहीतरी झाकलेलं आहे. दुसरी खूण रंगाची. जुन्या डिझेल इंजिनात नवं ऑइल टाकलं तरी थोड्याच तासांत काळं पडतं. पट्टीवर मधासारखं स्वच्छ ऑइल दिसलं तर कालच बदललंय, आणि विकायला काढलेल्या गाडीचं ऑइल काल कुणी आणि कशाला बदललं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर साधंही असू शकतं. पण विचारा.

आवाजाची चाल

सेल्फ मारला. व्हिडिओतली टिकटिक खरीच होती, स्वच्छ, ठसठशीत. भाचा माझ्या तोंडाकडं बघत होता.

आधी चाल धरायची. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभं असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा उघडतो, सेकंदाला पाच. क्रँकच्या फेऱ्याबरोबर वाजणारी वस्तू सेकंदाला दहा वेळा वाजते. पाचची चाल मांडीवर बोटानं धरता येते, दहाची बोटाला झेपत नाही, नुसता थरथराट होतो. अल्टरनेटर तर पट्ट्यावर याहून जोरात फिरतो, त्याची किरकिर वेगळीच.

पाचची चाल निघाली म्हणजे लगेच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची वाढलेली फट, असं मात्र नाही. एका सिलिंडरचा नोझल दोन फेऱ्यांत एकदाच डिझेल फवारतो, आणि मॅनिफोल्डची गळतीही त्या सिलिंडरच्या एक्झॉस्टबरोबर दोन फेऱ्यांत एकदाच फुसफुसते. तिघांची चाल एकच. चाल कळली म्हणजे एवढंच कळलं की क्रँकच्या पुलीपाशी किंवा फ्लायव्हीलपाशी वेळ घालवायचा नाही.

आता डिसमिस. केबिनमधलं इंजिनचं झाकण उघडून गुडघ्यावर बसायचं. कमिन्सच्या या ६बीटी इंजिनाला सहा सिलिंडरची सहा वेगळी रॉकर कव्हरं, म्हणजे व्हॉल्व्हवरची झाकणं, असतात, त्यामुळं ऐकायला सोपं. एकेका कव्हरच्या बोल्टवर डिसमिस टेकवत गेलो. चार नंबरवर आवाज थेट हाडात शिरला, तीन आणि पाचवर निम्मा. मग नोझलजवळ, मग मॅनिफोल्डच्या जोडावर, मग खाली चेंबरच्या कडेला. चेंबरला नुसती घरघर होती, ठोका नव्हता. मला पहिल्यांदा तिथंच बरं वाटलं.

मॅनिफोल्डची गळती डोळ्यांनीही दिसते. जोडापाशी काजळीचा पंखा पसरलेला असतो, एखादा स्टड तुटलेला असतो. रेस दिली की आवाज टिकटिकचा फटफट होतो. नोझलचा वॉशर फुटला असेल तर नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो आणि चुक् चुक् येतं. दोन्ही कामं किरकोळ, पण तुटलेला स्टड हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्ह बसवलेल्या भागातून, काढताना मिस्त्रीचा अख्खा दिवस जाऊ शकतो, तेवढं भाव करताना मोजा.

एकेक सिलिंडर बंद करून बघणं

हे जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांनाच. गाडी कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल फवारणारी, असेल, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकना तर असणारच, तर पाइपच्या नटाला पाना लावायचा नाही. त्या पाइपमध्ये हजार बारच्या वरचा दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते आणि हात कापायची वेळ येऊ शकते. त्या गाड्यांत हीच तपासणी स्कॅनर लावून करतात. आणि त्यांच्या नोझलची हलकी टकटक ही बिघाड नसते, विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह तसाच वाजतो. बरेच जण नवी गाडी ऐकून त्यालाच टॅपेट समजतात.

साध्या पंपाच्या गाडीलाही धारेसमोर हात आणि तोंड धरू नका, नटावर जाड चिंधी टाका. इंजिन मंद चालू ठेवून एका नोझलचा पाइप अर्धा फेरा ढिला करायचा. त्या सिलिंडरला डिझेल जात नाही, इंजिन लंगडतं. आता ऐका. आवाज साफ गेला तर नोझल ठोकत होता. कमी झाला, दबला, तर पिस्टन, पिन किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, कारण जाळ पेटून पिस्टनवर बसणारा दणकाच नाहीसा झाला. काहीच बदललं नाही तर टॅपेट, कारण व्हॉल्व्हला सिलिंडर पेटलाय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

चार नंबर ढिला केला. इंजिन लंगडलं, टिकटिक तशीच. भाचा म्हणाला, "म्हणजे टॅपेट. घेऊ या की." मी म्हटलं, थांब, सगळे करू.

एक केला, लंगडलं. दोन, लंगडलं. तीन, लंगडलं. पाच ढिला केला आणि इंजिनाला जवळजवळ पत्ताच नाही. म्हणजे पाच नंबर आधीपासूनच नावापुरता चालत होता, आणि तिथं तर काही वाजतही नव्हतं. सहा व्यवस्थित.

टॅपेट

टॅपेटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घेणारे यालाच घाबरतात आणि विकणारे यालाच लपवतात.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी दांडी, आणि व्हॉल्व्हच्या मध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्याला जागा हवी. ६बीटीला गार इंजिनावर इनलेट ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट ०.५१. दुसऱ्या इंजिनाचे आकडे वेगळे, ते त्याच्या मॅन्युअलमधून घ्या, मिस्त्रीच्या आठवणीतून नको. माझ्यासुद्धा नको. फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, टिक. फट संपली की आवाज नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. सीटला टेकला तरच व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये उतरते. न टेकलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेनं जळत जातो, कॉम्प्रेशन निसटतं, सिलिंडर मरतो. आणि हे सगळं गुपचूप होतं.

मालकाला विचारून कव्हरं उघडा. नाही म्हणाला तर मी पुढं बोलणी करत नाही. इंजिन गार हवं, त्यामुळं हे काम चाचणीच्या फेरीआधी. सेल्फ मारून झालेलाच असतो म्हणून आम्ही तीन तास थांबलो, शिरोलीत मिसळ खाऊन आलो. तर्री बरी होती, पाव कालचा.

क्रँक पान्यानं फिरवत जोड्या लावायच्या. एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की एकचे दोन्ही मोकळे असतात, त्यांची फट मोजायची. सहा झुलला की एक, एक झुलला की सहा. फिलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, आत जाताना किंचित धरल्यासारखं लागलं पाहिजे.

चार नंबरचा एक्झॉस्ट निघाला ०.८०. टिकटिकचा धनी सापडला. पण फट का वाढली हे बघितल्याशिवाय सुटका नाही. नुसता लॉकनट ढिला पडला असेल तर पाच मिनिटांचं काम. कॅमवरून रॉकर उचलणारा पुशरॉड वाकला असेल, रॉकरचा बुश गेला असेल तर सुटे भाग मिळतात. कॅमचा उंचवटाच झिजला असेल तर मात्र गाडी सोडा किंवा तेवढे पैसे कापा. ओळखायचं असं की क्रँक फिरवत व्हॉल्व्ह किती खाली दबतो ते डायल गेजनं मोजायचं, वाढलेली फट त्यात मिळवायची आणि बाकीच्या एक्झॉस्टशी ताडून बघायचं. कमी दबला तर कॅम किंवा त्यावर घासणारा टॅपेट झिजलाय. फट धरून चारचा व्हॉल्व्ह तीन आणि सहाइतकाच दबत होता. पुशरॉड काचेवर लोळवून बघितला, सरळ. लॉकनट बोटानं फिरला.

मग पाच नंबर. एक्झॉस्टला पातळातलं पातळ पातंसुद्धा जाईना. दोनचा एक्झॉस्ट तसाच, फट शून्य. कुणीतरी गाडी विकायची म्हणून आवाज मारायला टॅपेट आवळत गेला होता आणि चारचा नट आवळायचा राहिला, किंवा आवळला आणि सुटला. भाच्यानं मला व्हिडिओ पाठवला होता तो त्या एकाच सिलिंडरसाठी, ज्याचा व्हॉल्व्ह धड होता.

बाकीचे आवाज

एअर कॉम्प्रेसर हा ट्रकमधला मोठा बहुरूपी आहे. त्याचाही पिस्टन, रॉड, बेअरिंग असतं आणि तो इंजिनाच्या गिअरवरच चालतो, त्यामुळं त्याचा ठोका थेट इंजिनाचा वाटतो. ब्रेकची हवा काढून टाका, कॉम्प्रेसर हवा भरायला लागेल. टाकी भरून फुस्स आवाज झाला की तो रिकामा फिरतो. भरताना ठोका आणि भरल्यावर शांत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. एका गडहिंग्लजच्या पाहुण्यानं याच ठोक्यापायी चांगली गाडी सोडली होती, ती मग माझ्या शेजाऱ्यानं घेतली.

पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं की अल्टरनेटर आणि पट्ट्यावरचं बाकी सगळं बाजूला पडतं. जास्त वेळ नको, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असतो.

खालच्या ठोक्यासाठी चाचणी घ्यावीच लागते, जमल्यास भरलेल्या गाडीची. परत आल्यावर तापलेल्या इंजिनाला मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांपर्यंत रेस देऊन एकदम सोडा. सोडताना खालून टक-टक असा दुहेरी ठोका आला तर रॉडचं बेअरिंग. ऑइल प्रेशरसाठी गाडीतल्या काट्यावर जाऊ नका, आपला गेज लावा. ६बीटीला गरम इंजिनावर मंद चालीत किमान ०.७ बार आणि पूर्ण वेगात किमान २ बारच्या वर लागतं. त्याच वेळी ऑइल भरायचं झाकण उघडा. धुराचा लोट भकाभक बाहेर आला तर इंजिन बॅक मारतंय, रिंगा आणि लायनर संपलेत.

गाडी कुठं राबली हे विचारा, आवाजाचा अर्थ त्यानं बदलतो. बॉक्साइटच्या आणि खाणीच्या गाड्यांनी धूळ खाल्लेली असते, तिथं पिस्टनचा खडखडाट जास्त शोधा. उसाच्या गाड्या कारखान्याच्या यार्डात तासन्‌तास चालू उभ्या असतात, मीटरवर किलोमीटर कमी दिसतात आणि इंजिन त्याहून म्हातारं असतं. हंगाम संपला की उन्हाळ्यात या गाड्या विकायला निघतात. भाच्याची ही गाडी उसाचीच होती.

चाचणीच्या फेरीत आम्ही हायवेनं कागलपर्यंत जाऊन आलो. तळातून ठोका नाही, प्रेशर १.४ बार मंद चालीत, झाकणातून वाफ तेवढी. खालचं इंजिन चांगलं, वरचं हेड बिघडलेलं. मालकाला फिलर गेज हातात देऊन पाच नंबर स्वतः मोजायला लावला. तो म्हणाला, "मागच्या मिस्त्रीनं काय केलं मला ठाव न्हाई." असेलही. पूर्ण हेडच्या कामाचे पैसे आणि आठवडाभर गाडी उभी राहण्याचा खाडा भावातून कापून भाच्यानं इसार दिला. फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, फिटनेस आणि चासी नंबर हे सगळं बघितल्यावर उरलेले पैसे.

हेड उद्यमनगरात उतरवलं. दोनचा व्हॉल्व्ह घासून बसला. पाचच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा तुकडा उंदरानं भाकरी कुरतडावी तसा गेलेला होता. तो व्हॉल्व्ह सध्या माझ्या टेबलावर आहे, पंख्यानं बिलं उडू नयेत म्हणून.